गालफुगे काकांची नळी

कॉलेजच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत काचकाम चालायचं. तिथल्या कारागिराला सगळे ‘गालफुगे काका’ म्हणत. नळी फुंकताना त्यांचे गाल असे काही फुगत, की बघणाऱ्यालाच धाप लागावी. तीस वर्षं ते फुटक्या नळ्या आणि तडकलेले चंबू सांधत आले होते. काही फुटल्याशिवाय त्यांची कुणाला आठवण होत नसे.

एक दिवस भौतिकशास्त्राच्या मॅडम स्वतः जिना उतरून आल्या. ‘‘काका, इलेक्ट्रॉन ज्या नळीत सापडला, तशी नळी मुलांना दाखवायचीय. बाहेरून दोन मागवल्या, दोन्ही फुटून आल्या. तुम्ही कराल?’’

‘‘करतो. पण इलेक्ट्रॉन म्हणजे काय, ते आधी सांगा.’’

मॅडम स्टूल ओढून बसल्या. अणूचे तुकडे होत नाहीत, असंच सगळे धरून चालले होते. मग नळीतली हवा काढून तिच्यात वीज सोडली, तर एका टोकाकडून किरण निघाले. लोहचुंबक जवळ नेला की ते वाकत. प्रकाश काही असा वाकत नाही. म्हणजे ते विजेचा भार असलेले कण होते, आणि सगळ्यात हलक्या अणूपेक्षाही हजारपटींहून जास्त हलके! ते अणूच्याच पोटातले निघाले.

‘‘आणि हे काचेत दिसलं?’’ काकांनी विचारलं.

‘‘काचेतच.’’

काका पेटून उठले. अडचण एकच होती. विजेची तार काचेतून आत न्यायची आणि भोवती हवेला केसाएवढीही फट ठेवायची नाही. काकांनी तार बसवली, की सांधा थंड होताना ‘टिच्’ करून तडा जायचा. अशा अकरा नळ्या गेल्या. जेवतानाही ते हातातला चमचा नळीसारखा फिरवत फुंकत बसायचे.

‘‘अहो, भाजी फुंकून खातात, भाजीत फुंकत नाहीत,’’ बायको म्हणाली.

बाराव्या नळीआधी त्यांनी भंगाराची पेटी उपसली. एका जुनाट उपकरणाची काच पार फुटली होती, पण तारेभोवती वितळवून बसवलेला काचेचा मणी मात्र शाबूत होता. काका तो तुकडा घेऊन धावत वर गेले.

मॅडमनी तार निरखली. ‘‘प्लॅटिनम! थंड होताना ही साध्या काचेएवढीच आकसते.’’

‘‘म्हणजे दोघांची चाल जुळते!’’ काका म्हणाले.

तीच तार सोडवून त्यांनी नवी नळी केली आणि ज्योत हळूहळू उतरवत तिला निवू दिलं. ‘टिच्’ झालं नाही.

प्रयोगाच्या दिवशी पडदे ओढले, पंप सुरू झाला. नळीत आधी गुलाबी धूसर उजेड आला, मग तोही विरला आणि टोकाशी, किरण आदळत होते तिथे, काचेवर हिरवा ठिपका उमटला.

मॅडमनी लोहचुंबक काकांच्या हातात दिला. ‘‘मान तुमचा.’’

काकांनी तो जवळ नेला. ठिपका सरकला! मुलांनी बाकं बडवून खोली डोक्यावर घेतली. ‘‘काका, हवा आत कशी नाही शिरली?’’ ‘‘तार कशी बसवली?’’ तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुणी असं विचारत होतं. काका फळ्याजवळ गेले, खडू उचलला आणि चांगला अर्धा तास बोलले.

दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन आले. तिने लोहचुंबक धरला, जरा मागे नेला, परत पुढे आणला. ठिपकाही तसाच मागेपुढे सरकला.

‘‘अगं बाई, ऐकतोय की माझं!’’ ती म्हणाली, आणि खुशीने काकांचे गाल न फुंकताच फुगले.