उतारावरची चौथी सूचना

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर तेल्हाऱ्याच्या शाळेतले आमचे चित्रकलेचे सर. आईवडिलांचे उपकार वेगळे, ते मोजायचे नसतात. घरी वांग्यांचा आणि सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, मळा. कॉलेज म्हणजे नेमकं काय, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. आर्किटेक्चर नावाचं शिक्षण असतं हे सरांनी सांगितलं, फॉर्म त्यांनी भरला, आणि प्रवेशाच्या दिवशी अमरावतीला माझ्यासोबत तेच आले. वडील म्हणाले, "सर, तुमीच जा. मले तिथं बोलता येत नाई."

आठवीत असताना सरांनी आमची सहल मेळघाटात नेली होती. सेमाडोहच्या अलीकडे घाटात एका वळणावर गाडी थांबवली आणि सगळ्यांना दरी काढायला लावली. मी कागदाच्या मधोमध एक घर काढलं, दार-खिडक्यांसकट. सरांनी कागद उचलला.

"काहून बे, दरी कोठी गेली?"

"घराच्या मांगं आहे सर."

"मंग घरच काढाचं होतं त तेल्हाऱ्यातच काढतं न! इतक्या दूर कायले आणलं तुले?"

पोरं खूप हसली. मीही हसलो, पण तो कागद मी जपून ठेवला.

अमरावतीत माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. इतकी वर्षं बहुतेक सरकारी कामंच केली: शाळाखोल्या, तलाठ्याचं ऑफिस, ग्रामपंचायत, एखादं सभागृह. अकोला, तेल्हारा, सगळा काळ्या मातीचा मुलूख. मग एक दिवस जंगल पाहायला येणाऱ्यांसाठी माहिती केंद्र आणि बसच्या प्रवाशांना बसायला सभागृह, असं काम आलं. जागा पाहायला गेलो तर तेच वळण. मी तिथूनच सरांना फोन केला. ते म्हणाले, "पाय मांगं नको घेऊ आता. झालं की मले बलाव. गुडघे दुखते, पण येतो."

त्या कामात मी जीव घातला. एसटीने सात-आठ वेळा गेलो. टेप लावून उतार मोजला, प्रत्येक झाड नकाशावर घेतलं. दोन जुने मोह होते, त्यांच्या मधून भिंत वळवली. इमारत तीन टप्प्यांत उताराबरोबर खाली उतरत जाईल आणि कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर रस्त्याच्या पातळीच्या खाली राहील, असं काढलं. बसमधल्या माणसाला छपरावरून पलीकडची सगळी दरी दिसावी, एवढंच मला हवं होतं.

हे पटवून देण्यात दोन वर्षं गेली. साहेबलोकांना रस्त्यावर मोठी कमान आणि भडक रंग हवे होते; दर बैठकीला कमान परत यायची, रंग परत यायचे. एक साहेब म्हणाले, "अहो, इमारत रस्त्यावरून दिसलीच नाही तर उद्घाटनाला आलेले फोटो कशाचा काढतील?" मी म्हटलं, "दरीचा." ते हसले. "दरी काय आपण बांधली?" मी प्रत्येक वेळी नवे नकाशे काढून न्यायचो. शेवटी शेवटी तर बोलायचाही कंटाळा यायचा, नुसते कागद पुढे ठेवायचो. बहुधा तेही कंटाळले, म्हणून मंजुरी मिळाली.

एका सोमवारी ठेकेदाराचा फोन आला. माणूस अचलपूरचा, कामाचा पक्का. "साहेब, जागा तयार आहे. लाइनआऊटले या, चुन्यानं आखून घेऊ." मला वाटलं, गवत कापलं असेल.

वळणावर उतरलो तेव्हा समोर कबड्डीचं मैदान होतं. जेसीबीने अख्खा उतार कापून रस्त्याच्या पातळीला आणला होता. माती कडेवरून खाली नाल्यात ढकललेली. दोन्ही मोह आडवे, मुळं वर. मी जे तोंडात येईल ते बोललो. ठेकेदाराने गाडीतून नकाशांची गुंडाळी आणली आणि बोनेटवर पसरली.

"साहेब, आमच्यावर कावून तपून राहिले? तुमीच त लेहलं. वाचा."

प्रत्येक नकाशाच्या उजव्या बाजूला सूचनांचा रकाना असतो. चौथी सूचना होती: "आखणीपूर्वी संपूर्ण जागा रस्त्याच्या पातळीत सपाट करून, वरची माती काढून मुरूम भरावा."

"पण नकाशात तीन टप्पे दिसत नाहीत का?"

"दिसले न. मले वाटलं, सपाट करून मंग भर टाकून पायऱ्या कराच्या असन. शिकल्या माणसाचं काई सांगता येते का?"

ती सूचना मी पहिल्या शाळाखोलीसाठी लिहिली होती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर बांधायचं तर ती काढावीच लागते. आमच्या भागात प्रत्येक नकाशावर तो रकाना जसाच्या तसा चिकटवतात. मीही चिकटवत आलो. या नकाशावरही चिकटवला, सही केली आणि दोन वर्षांत एकदाही वाचला नाही. कमानीवर लक्ष ठेवून होतो ना.

फोटोची काळजी असलेल्या त्याच साहेबांनी मला बोलावून चहा दिला. "एवढं मनावर घेऊ नका. ठेकेदाराने न विचारता सपाट केलं, असं लिहून टाकू. तुमचं नाव कशाला खराब?" कागद तयार होता. मी तो तसाच परत केला आणि चूक माझ्या नकाशाची आहे असं लिहून दिलं. यात काही मोठेपणा नव्हता. ठेकेदाराने सांगितलं तेवढं केलं होतं, आणि खोटं सांभाळत बसायची माझ्यात ताकद उरली नव्हती.

इमारत झाली. सपाट जागेवर, जमेल तेवढी बुटकी. बायाबापड्या बसची वाट पाहत सावलीत बसतात, नळाला पाणी आहे. लोक चांगलं म्हणतात. परवा सरांचा फोन आला: "ऐकलं, झालं म्हणे. मी येऊन राहिलो." मी "हो सर" म्हटलं आणि फोन ठेवला. मग हे पत्र लिहिलं.

*

आदरणीय सर,

सा. न.

फोनवर सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. उतार राहिला नाही. मोहही गेले. कुणी मुद्दाम केलं नाही, माझ्याच नकाशावर तसं लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. तुम्ही प्रत्येक चित्र परत देताना "कोपरे पाह्य" म्हणायचे. मी कोपरा पाहिला नाही.

तिथे मोहाची दोन रोपं लावली आहेत. ती मोठी झालेली आपल्यापैकी कुणी पाहणार नाही. ती चौथी सूचना ऑफिसातल्या सगळ्या नकाशांवरून काढली आहे. आता प्रत्येक जागेसाठी नव्याने लिहितो.

तुम्ही जरूर या. परतवाड्याच्या स्टँडवर मी घ्यायला येईन, पुढे सोबत जाऊ. वळण आलं की आधी कवेलू दिसतील. दरी त्यांच्या मागे आहे. आठवीत काढली होती तशीच. तुम्ही तिथे पोचण्याआधी हे माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

गुडघ्यांना जपा.

आपला विद्यार्थी