टोपलीभर भोजली घेऊन मुंबईला

मुंबईला जायचं तर पैशांची थैली लागते, असं आमच्या देवरीत सगळे म्हणतात. मी सांगते, नाही लागत. गाडीभाडं तेवढं जमवा, बाकी अर्धी मुंबई फुकटात पाहून होते. मी पाहून आले. पण खरं सांगायचं तर मी काही मुंबई पाहायला गेले नव्हते. मी गेले होते जळून.

झालं असं, की आषाढात धानाच्या रोवण्यासाठी माझ्या भोजलीचा दीर गावी आला. भोजली म्हणजे माझी लहानपणची मैत्रीण. जे वाचणारे आमच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात आम्ही बांबूच्या टोपलीत माती भरून गहू पेरतो, अंधारात ठेवतो, हळदीचं पाणी घालतो. पिवळ्याजर्द पात्या येतात, तीच भोजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती तलावात शिरवायची, म्हणजे विसर्जन करायची, आणि थोड्या पात्या वाचवून मैत्रिणीच्या कानावर खोवायच्या. तिनं आपल्या कानावर खोवल्या की झाली जन्माची भोजली. मग एकमेकींचं नाव तोंडातून काढायचं नाही. भेटलं की 'सीताराम भोजली' म्हणायचं. आम्ही दोघींनी परकरात असताना भोजली बदली, म्हणजे अशा पात्या एकमेकींना लावल्या, तेव्हापासून तिचं नाव मी घेतलेलं नाही, इथंही घेणार नाही.

तिचा नवरा मुंबईत परळच्या रेल्वे कारखान्यात आहे. तर हा दीर जेवता जेवता सांगतो काय, की वहिनीला चाळीत एक कोकणीण भेटली आहे, दोघींचं मेतकूट जमलं आहे, आणि यंदा त्या भोजली बदणार आहेत. मी त्याच्या पानात भात वाढत होते. पळी तशीच राहिली हातात. भोजली दुसरी करू नये असा काही नियम नाही, मला ठाऊक आहे. पण कोकणीण? जिला तलाव माहीत नाही, पेरायचं कधी ते माहीत नाही, तिनं माझ्या भोजलीच्या कानाला हात लावायचा?

आमच्या यांचा चारोळीचा व्यापार आहे. मुंबईत चारोळीला काय भाव मिळतो ते पाहायचं त्यांच्या मनात होतंच. मी म्हटलं, चला, मीही येते. ते म्हणाले, तू येऊन का करशील? मी म्हटलं, समुद्र पाहीन. खोटं नव्हतं ते. नागपंचमीला मी टोपलीत गहू पेरले आणि राखीला थोडे दिवस उरले असताना टोपली मांडीवर घेऊन रेंगीत, आमच्या छोट्या बैलगाडीत, बसले.

रस्त्याचं सांगते. देवरी ते आमगाव बैलगाडीनं जायचं, पावसाळ्यात चिखल फार, म्हणून पहाटेच निघावं. आमगावला रेल्वे मिळते. गोंदियात गाडी बराच वेळ थांबते, तिथं गरम भजी आणि चहा घ्यावा. नागपूरला गाडी बदलावी लागते आणि खरी गर्दी तिथून पुढं. भाकरी, ठेचा, मुरमुरे बरोबर ठेवा, म्हणजे फलाटावर हात पसरायला नको. माझी टोपली मी फडक्यानं झाकून बाकाखाली ठेवली होती, कारण भोजलीला ऊन लागू द्यायचं नसतं. तिकीट तपासणारा आला, वाकून पाहिलं आणि दरडावून विचारलं, "मुर्गी है क्या इसमें?" मी म्हटलं, भोजली है. त्याला वाटलं मुलीचं नाव आहे. डबाभर लोक हसले. यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं ते इगतपुरीपर्यंत.

बोरीबंदरला भोजली घ्यायला आली होती. मी ओळखलंच नाही आधी. अंगानं भरली होती, केसात अबोलीचा गजरा. "सीताराम भोजली," म्हणाली आणि गळ्यात पडली. माझं अर्धं जळणं तिथंच विझलं असतं. पण तिच्या मागं एक उंच, काळीसावळी बाई उभी होती, तसाच अबोलीचा गजरा घालून. एकाच वेणीचे दोन तुकडे होते ते, मला दिसत नव्हतं का? कोकणिणीनं माझ्या हातातली टोपली घ्यायला हात पुढं केला. मी दिली नाही.

चाळीत भोजलीची एकच खोली. पण दारासमोर गॅलरी, आणि गॅलरीत पावसाळ्यातही वारा. मी आत जाऊन टोपली खाटेखाली सारली, तर तिथं आधीच एक टोपली. हळदीचा वास. भोजली म्हणाली, मी दरसाल पेरते, राहवत नाही. मी दिवसभर पापड लाटायला जाते तेव्हा पाणी ती घालते. ती म्हणजे कोकणीण. रात्री चिन्नोर तांदळाचा भात केला, मी गावाहून आणलेला. वासानं गॅलरी भरली. कोकणीण ताट घेऊन आली, भाताची तारीफ केली आणि दोनदा वाढून घेतला. तारीफ ऐकून बरं वाटलं, पण तिनं दुसऱ्यांदा ताट पुढं केलं तेव्हा नाही वाटलं.

आता फुकटातली मुंबई. हे सकाळी बाजारात जात. आम्ही तिघी बाहेर पडत असू. तिघी! दोघी नाही. कोकणिणीला सगळी मुंबई पाठ, म्हणून ती पुढं, आणि रस्ता ओलांडताना भोजलीचा हात तिच्या हातात. मी मागून.

पहिल्या दिवशी राणीचा बाग. आत जायला काही पडलं नाही. झाडं इतकी मोठी की पाऊस आला तरी खाली कोरडं. हत्ती, माकडं, आणि पिंजऱ्यात वाघ. कोकणीण वाघापुढं उभी राहून कौतुकानं सांगत होती, बघा बघा. मी म्हटलं, आमच्या देवरीत हा खळ्यामागून ओरडतो आणि आम्ही दार लावून जेवतो. भोजली म्हणाली, हो, खरंच, हिच्या गोठ्यातलं वासरू नेलं होतं एकदा. कोकणीण माझ्याकडे तोंड उघडं टाकून पाहत राहिली. तो सगळा दिवस माझा चांगला गेला.

दुसऱ्या दिवशी ट्राम. एक आणा द्या आणि वरच्या मजल्यावर, पुढच्या बाकावर बसा. शेवटपर्यंत जा. एका आण्यात दुकानं, घोडागाड्या, मेमसाहेब, पारशांच्या टोप्या, सगळं पायाखालून जातं. अपोलो बंदरावर उतरलो. तिथं कठड्यावर बसून बोटी पाहायच्या, कुणी उठ म्हणत नाही. मी समुद्र पहिल्यांदा तिथं पाहिला. काय सांगू? आमच्या गावच्या तलावाला पलीकडचा काठ असतो. इथं तो नाहीच. पहिला विचार मनात आला तो हा, की ही बाई रोज हे पाहते, आणि माझी भोजली हिच्याबरोबर पाहते. मला समुद्राचाही राग आला.

कोकणिणीनं दोन पैशांची भेळ घेतली, तिघींत वाटली. मग त्या दोघींना काही आठवलं, चाळीतल्या नळावरचं, आणि दोघी पोट धरून हसायला लागल्या. मला सांगायला लागल्या तर मला काही कळेना. बोंबील म्हणजे काय तेही मला तिथंच कळलं. भोजली आता बोंबील खाते. 'काय व' म्हणायची ती आता 'काय गो' म्हणते. मी विचारलं, काऊन व, आपली बोली विसरली का? तर म्हणाली, नाई व, तू आलीस ना, आता बोलून राहिली ना मी. पण डोळे पुसले तिनं, ते मी पाहिलं.

मलबार हिलवरची बागही फुकट आहे. चढण आहे, पाणी बरोबर न्या. खाली चौपाटी वाकलेली दिसते, संध्याकाळी दिवे लागले की जास्तच. क्रॉफर्ड मार्केटात काही घेऊ नका, नुसती चक्कर मारा, डोळे आणि नाक दोन्ही भरतात. एवढं सगळं मला कोकणिणीनं दाखवलं. जेवढं जास्त दाखवत होती तेवढी मी जास्त जळत होते. माझ्याकडे दाखवायला काय होतं? ना रस्ते माहीत ना ट्राम. खाटेखालची टोपली तेवढी.

नारळी पौर्णिमेला सगळी मुंबई समुद्रावर असते. कोळी लोक वाजतगाजत येतात, होड्या सजवलेल्या, बायांच्या अंगावर सोनं. सोन्याचा मुलामा दिलेला नारळ समुद्राला देतात. हाही देखावा फुकट, तो मात्र चुकवू नका. तिथल्या गर्दीत कोकणीण नारळ आणायला गेली, आणि मी भोजलीला धरलं. म्हटलं, उद्या कुणाच्या कानावर लावणार आहेस?

तिनं केसातला गजरा चाचपला. मग म्हणाली, "तू येशील असं वाटलंच नोहतं मले. तिच्यासंग बदणार होती मी. मागच्या साली तापानं पडली तर तिनं उचलून नेलं दवाखान्यात. मी इथं एकली किती दिवस राहू व?"

मी म्हटलं, मी आली ना.

"आलीस ना," ती म्हणाली. "मग उद्या तुझ्याच टोपलीतल्या पात्या लावू. तिले मी सांगतो समजावून."

मी जिंकले. रात्री मला झोप छान लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादरच्या किनाऱ्यावर गेलो. गर्दी नव्हती. आदल्या दिवशीचे नारळाचे तुकडे वाळूत पडले होते. कोकणीण आलीच होती, पण आज मागून चालत. भोजलीची टोपली तिनं धरली होती, माझी माझ्या डोक्यावर. मी भोजलीचं गाणं म्हणत पाण्यात शिरले. आणि इथं मी ते केलं जे देवरीच्या कुठल्याही बाईनं केलं असतं. आमच्याकडे टोपली शिरवताना पाठ तलावाकडे आणि तोंड काठाकडे, गावाकडे करायचं असतं. तलाव कधी मागून काही करत नाही. मी गुडघाभर पाण्यात गेले, समुद्राकडे पाठ केली आणि टोपली खाली घेतली.

"लाटेक पाठ दाखवू नको गो!" कोकणीण ओरडली.

पुढचं मला नीट आठवत नाही. कमरेतून कुणी ढकलल्यासारखं झालं, नाकातोंडात खारट पाणी, खालची वाळू सरकली. दंडाला कुणीतरी घट्ट धरलं आणि ओढलं. वर आले तेव्हा मी कोकणिणीच्या कमरेला मिठी मारली होती. माझी टोपली नव्हती. तिनं मला धरायला धावताना भोजलीची टोपली वाळूत फेकली होती, ती दुसऱ्या लाटेनं नेली. दोन्ही गेल्या. देवरीहून मांडीवर घेऊन आले होते, तिकीट तपासणाऱ्याचं बोलणं ऐकलं होतं, आणि आता कानावर लावायला एक पातीसुद्धा नाही. मी वाळूत बसून भोकाड पसरून रडले. लाज कसली?

कोकणीण परत पाण्यात गेली. कमरेपर्यंत. लुगडं चिंब, फेसात हात घालून काहीतरी गोळा करत होती. परत आली तेव्हा मुठीत पिवळ्या पात्या होत्या, कुठल्या टोपलीतल्या कोण जाणे. माझ्या तोंडावरचे केस बाजूला केले, आणि थोड्या पात्या घेऊन माझ्या कानावर खोवल्या.

भोजलीनं तोंडावर हात ठेवला. मग ती हसायला लागली, रडायलाही लागली. "आता का करतं?" ती मला म्हणाली. "लावल्यान ना तिनं. झाली तुमची भोजली."

म्हणजे पाहा. मी एवढ्या लांबून आले ते हिला दूर ठेवायला, आणि जिला दूर ठेवायचं तीच माझ्या कानाला चिकटली. परत लावायच्या की नाही ते माझ्या हातात होतं. नाही लावल्या तर झालं नसतं काही. तिनं मूठ माझ्यापुढं उघडी धरली होती, बोटं गारठून पांढरी पडलेली. मी पात्या उचलल्या, तिच्या कानावर खोवल्या आणि भांडल्यासारख्या आवाजात म्हटलं, सीताराम भोजली.

"सीताराम भोजली," ती म्हणाली. एकदम स्वच्छ. हेल बरोबर, आमच्यासारखा. मला आजही संशय आहे, की तिनं ते आधी घोकून ठेवलं होतं आणि पात्या कानावर लावल्या की काय होतं ते तिला पक्कं माहीत होतं. उरलेल्या पात्या भोजलीनं माझ्या कानावर लावल्या, मी तिच्या, आणि त्या दोघींनी एकमेकींच्या. तिघी ओल्या होतो. येताना चहावाल्यानं आमच्या कानांकडे पाहिलं आणि पैसे घेतले नाहीत. काय समजला देव जाणे.

यांना चारोळीचा भाव काही बरा मिळाला नाही. निघताना बोरीबंदरावर दोघी आल्या होत्या. गाडी सुटली तेव्हा दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या, आणि माझं परत तेच जळणं. अजून आहे. त्या रोज बसतात एका गॅलरीत, आणि मी इथं. ते काही जाणार नाही.

देवरीला आले तर दारात गर्दी. समुद्र कसा असतो, खरंच खारट असतो का, किती फिरलीस. मी सगळं सांगितलं. राणीचा बाग, ट्राम, अपोलो बंदर, कुठं काय फुकट आणि कुठं एक आणा. माझी धाकटी जाऊ गाल फुगवून ऐकत होती. तिला माझा हेवा वाटत होता, ते पाहून जरा गोड वाटलं. पुढच्या साली तिलाही जायचं आहे. ती म्हणाली, ज्या कोकणिणीनं तुले सारं दाखवलं तिचं नाव सांगून ठेव, मले कामी पडल.

मी म्हटलं, नाव नाई घेत मी तिचं.

"काऊन?" जाऊ म्हणाली. "भांडण झालं का?"

"नाई व," मी म्हटलं. "भोजली हाये ते माही."