ट्रकच्या डोक्यावरचा बंब

मुंबईच्या गिरणीत सात वर्षं काढून आमचे हे गावी परतले, ते एक जुना डिझेलचा ट्रक घेऊनच. पोलादपूरच्या आसपासच्या गावांतून भात आणि कोळसा भरायचा, महाडच्या पेठेत उतरवायचा. कापडे गावाकडचा रस्ता तेव्हा नुसता मातीचा. दिवाळी सरली की घोटाभर धूळ, आणि ती सगळी इंजिनाच्या पोटात. दोन वर्षांत दोनदा इंजिन उघडलं. दुसऱ्या खेपेला महाडच्या मिस्त्र्याने धुळीने झिजलेल्या पिस्टनच्या रिंगा ह्यांच्या हातावर ठेवल्या आणि सांगितलं, तिसऱ्यांदा माझ्याकडे आणू नका, सरळ भंगारात न्या. त्या दिवशी ह्यांनी माळ्यावरून गिरणीच्या वेळची ट्रंक काढली, पुसली आणि दारामागे ठेवली. ट्रक बसला की मुंबई.

मला ते जायला नको होते. ते काही मोठं रत्न होते अशातला भाग नाही. घोरायचे, आणि कालवणात मीठ कमी पडलं तर दोन दिवस तोंड फुगवायचे. पण ते गेले की घरात मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोघीच. सात वर्षं तशी काढली होती. आणखी सात काढली असती तर एकीने दुसरीला सावित्रीत ढकललं असतं, आणि आधी कोणी ते सांगता येत नाही.

महाडला जाताना ह्यांच्याशेजारी कुणी ना कुणी व्यापारी चढायचा, मग मी वर भाताच्या पोत्यांवर. एकदा पेठेत उतरलो तर हे शेंदूर थापलेल्या मारुतीसारखे, आणि माझ्या कपाळावरचं कुंकूसुद्धा जागच्या जागी. धूळ चाकांपासून टपापर्यंतच उडते, वर हवा चांगली असते. इंजिनाचं हवा ओढायचं तोंड होतं चाकाशेजारी. मी ह्यांना म्हटलं, ते तोंड मी बसते तिथे न्या. हे हसले. पुढच्या आठवड्यात हवा गाळायचं तेलाचं भांडं उघडलं, त्यात तेल कमी आणि चिखल जास्त. मग हसले नाहीत.

आता नळी हवी. आमच्या पडवीत आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता, आत्याबाईंच्या माहेरचा. बूड गळत होतं म्हणून लाकडांमागे पडलेला. विचारलं असतं तर मिळाला नसता, म्हणून विचारलं नाही. महाडच्या तांबटाने तो फाडून पुरुषभर उंचीची नळी वळून दिली. वर पालथं पातेलं, खाली चार बोटं फट, फटीला पिठाची चाळण. ट्रक खाली रस्त्यावर वडाखाली असायचा आणि आमचं घर टेकाडावर, त्यामुळे आत्याबाईंना पत्ता नाही.

पण नळी सरळ, इंजिन आडवं. वळण घ्यायला जे जे जोडलं ते सांध्यात गळायचं. मी इंजिन चालू ठेवून सांध्याजवळ उदबत्ती धरायची, की धूर सुर्रकन आत. धूर जातो तिथून धूळही जाणारच. माती लावली, तडकली. डांबर लावलं, पाघळलं.

दारूबंदीचे दिवस होते. बंदी सरकारची होती, तहान गावाची. वरच्या वाडीतली एक म्हातारी हातभट्टी लावायची, हे पोलीस सोडून सगळ्यांना ठाऊक. तिला बोलावलं. ती सांधा बघून म्हणाली, "माज्या भट्टीतून वाफ भायेर जाऊ द्यायची नाय, तुज्या विंजनात धूळ आत येऊ द्यायची नाय. काम येकच हाय गो." तिने आपल्या जुन्या भट्टीची वाकडी तांब्याची नळी आणून दिली, राळ आणि तेल कढवून फडक्याच्या पट्ट्या बसवल्या, वरून टायरच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्या. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला.

चौथ्या दिवशी आत्याबाईंची दाढ दुखायला लागली. त्यांना महाडला न्यायचं म्हणून डाव्या अंगाने केबिनमध्ये चढवलं. बंब उजवीकडे होता. पोलादपूरच्या नाक्यावर हवालदाराने हात केला. तांब्याची नळी, वर भांडं, खाली वाकडं टोक. त्याने वाकून वास घेतला आणि म्हणाला, "भट्टी चाकावर घालून फिरवता होय? ट्रक ठाण्यात घ्या."

ह्यांचा चेहरा उतरला. मला पोत्यांवरून थेट दारामागची ट्रंक दिसायला लागली. एवढ्यात काय चाललंय ते बघायला आत्याबाई गाल धरून खाली उतरल्या, फिरून उजवीकडे आल्या आणि थांबल्या.

"माजा बंब," त्या म्हणाल्या. मग मला माझ्या सात पिढ्यांसकट असं काही धुतलं, की हवालदार दोन पावलं मागे सरला. दाढ कुठल्या कुठे. त्यांचं जरा थांबल्यावर त्याने विचारलं, "आजी, तुमचाच कशावरून?"

"माज्या बापाचं नाव कोरलंय त्यावर."

तांबटाने नळी वळताना ते नाव बाहेर आलं होतं, पण उलटं. हवालदाराने आजीला बापाचं नाव विचारलं, मग मान वाकडी करून अक्षर अक्षर वाचलं. जुळलं.

"आणि ही खालची वाकडी नळी?"

आत्याबाईंनी ती हुंगली.

"ती पन माजीच," त्या म्हणाल्या. "वाताला काढा करते मी."

त्याने जाऊ दिलं. त्या नळीचा वास आत्याबाईंनी बरोबर ओळखला होता; कसा ओळखला, ते मी जन्मात विचारलं नाही.

महाडला दाढ काढून आल्यावर गालात कापूस धरून मला म्हणाल्या, "तो मुंबयला गेला असता, तर तुजं तोंड कोन बगत बसनार व्हता?"

म्हटलं, माझंही तेच म्हणणं होतं.

बंबाच्या बदल्यात रोज पहाटे चुलीवर त्यांचं पाणी तापवायचं माझ्याकडे आलं, आणि कधीच पुरेसं तापलेलं नसायचं. पावसाच्या तोंडाशी तेलाचं भांडं उघडलं तर तळाला चमचाभर माती. त्याच दिवशी आत्याबाईंनी ट्रंक दारामागून ओढली आणि तिच्यात पावट्याचं बियाणं भरून ठेवलं.