सोनामावशींचा खडा

आमच्या गोदामातल्या सोनामावशींचे कान इतके तिखट, की पोतं नुसतं हलवलं तरी आतला खडा त्यांना ऐकू येतो. परवा भाववाढीने पोळलेल्या आफ्रिकेतल्या एका देशाला मदत म्हणून आपला तांदूळ जायचा होता. ट्रक धूर सोडत उभा, आणि मावशी शेवटचं पोतं अडवून बसलेल्या.

"मावशी, सोडा आता. जहाज निघून जाईल," मुकादम म्हणाला.

"जाऊ दे. मी पोहत नेईन."

त्यांनी पोतं उसवलं आणि सूप घेतलं. त्या पाखडण्याच्या आवाजाने मला दुष्काळातला मिलो आठवला, अमेरिकेतून मदत म्हणून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी अशी चिवट, की वडिलांनी एक तुकडा चपलेला तळ म्हणून ठोकला; ती चप्पल दोन वर्षं चालली. पण त्या मिलोनेच आम्हाला जगवलं, हे कबूल. आई तो तासन्‌तास निवडायची. "आलेल्या धान्याला नावं ठेवू नयेत," एवढंच म्हणायची.

सूप थांबलं. मावशींच्या तळहातावर हरभऱ्याएवढा खडा होता. मी तो नारळाएवढा सांगत फिरतो.

"एवढ्याशा खड्यासाठी?" मुकादम हसला.

"तिकडच्या बाईला तो मुकाट गिळावा लागला असता. मी गिळलेत."

मग दाभणाने पोतं शिवून त्यांनी टाके दोनदा ओढून पाहिले. ट्रक गेला. माझी छाती मात्र अशी फुगली होती, की गोदामाच्या दारातून मला अंग तिरपं करून बाहेर पडावं लागलं.