रिकाम्या डब्यावरचे चित्र

प्रोसेसरचा तो रिकामा डबा आठवला की आजही माझे डोके तापते. राग दुकानदाराचा आहे, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. नावे लिहीत नाही.

मी साताऱ्याकडचा. शाळा सातवीत सुटली. त्या काळी तेवढ्यावर पोलिसात भरती होता येई, म्हणून भंडारा जिल्ह्यात आलो. गाव लांब, शिक्षण कमी. आपल्या हातून कागद चुकेल ही धास्ती कायमची. पोलीस ठाण्यात कॉम्प्युटर आले तेव्हा तर मी त्यांच्याजवळही जाईना. बाजारातल्या एका कॉम्प्युटर दुकानदाराने मला मराठी टायपिंग शिकवले, एकेक अक्षर, न हसता. ठाण्याचा प्रिंटरही तो फुकट दुरुस्त करायचा. ते उपकार मी मनात धरून होतो. चूक तिथेच झाली.

निवृत्ती जवळ आली असताना एका सकाळी तोच खबर घेऊन आला. तुमसरकडच्या एका राईस मिलच्या मालकाने त्याच्याकडून गेमिंग कॉम्प्युटर जोडून घेतला होता. हे मालक दिवसभर तांदळाचे ट्रक रवाना करायचे आणि संध्याकाळी पडद्यावर स्वतः ट्रक चालवायचे. पण गेम अडखळू लागला. म्हणून त्यांनी गावातल्या एका बाईला बोलावले. बाई तिशीची, माहेर कारध्याचे, दहावीनंतर शाळा सोडलेली. घरीच कॉम्प्युटर दुरुस्त करून सासू आणि मुलीला पोसणारी. तिने पंखा काढून पाहिले आणि सांगितले, बिलात महागडा प्रोसेसर आहे, आत जुनाच बसवला आहे.

मालक दुकानात भांडायला गेले. दुकानदार म्हणाला, "कॉम्प्युटर खोलला कोनं? तिनं. मंग बदलला कोनं?" मालकांना पटले. बाईविरुद्ध तक्रार आली. सोबत बिल आणि दुकानदाराने कॉम्प्युटरबरोबर दिलेला प्रोसेसरचा रिकामा डबाही आला.

मी तिला बोलावले. महिला शिपाई शेजारी बसवून विचारपूस केली.

"मी काढला असता तं मीच काहून सांगतलं असतं जी?"

"चोर असेच म्हणतात."

"आन् जो चोर नाही, तो काय म्हनते, साहेब?"

मी आवाज चढवला. आठ दिवस तिला रोज ठाण्यात बसवले. त्या आठ दिवसांत लोक तिच्या घरून आपापल्या मशिनी परत घेऊन गेले. चोर म्हटल्यावर घरातला कॉम्प्युटर कोण हाती देणार? दुकानदार मात्र येता-जाता विचारायचा, "कबूल झाली का, साहेब?" त्याच्याकडे मी एकदाही संशयाने पाहिले नाही.

नवव्या दिवशी तिला अटक करायची ठरली. त्याआधी कॉम्प्युटरचा पंचनामा. मला एकाही भागाचे नाव येत नव्हते, म्हणून मी प्रत्येक वस्तू टेबलावर ठेवून जशी दिसते तशी लिहू लागलो. पंच म्हणून बाजारातला एक शिंपी आणि एक पानवाला. तक्रारदार मालक होते, दुकानदारही होता. जुना प्रोसेसर काढलेल्या मुख्य बोर्डाशी आलो आणि लिहिले, "मधोमध चौकोनी जागा, त्यात बारीक पिना."

"थांबा जी," बाई म्हणाली. "आता त्या डब्याच्या मांगचं चित्र पाहा."

मी चष्मा पुसला. डब्यावर प्रोसेसरचे चित्र होते. त्याच्याही खाली पिना.

"याले पिना, त्यालेही पिना. बसन कसा? हा प्रोसेसर एका कंपनीचा, बोर्ड दुसऱ्या कंपनीचा. हा याच्यात कधी बसलाच नाही, तं मी काढीन कुठून?"

शिंपी पुढे वाकला. "हुकाले हुक कसा लागन बाप्पा!"

मी बिल काढले. त्यात बोर्डाचे नाव खरे होते, कारण ते कॉम्प्युटरच्या बाजूच्या काचेतून कोणालाही वाचता येत होते. प्रोसेसर पंख्याखाली झाकलेला, तिथे खोटे लिहिले होते. मी दुकानदाराला म्हणालो, "बसवून दाखव."

तो कानाशी आला. "साहेब, घरची बात आहे. ठान्याचा प्रिंटर कोन चालवते?"

मिलचे मालक त्याच्या अंगावर धावून गेले. "अन् मले चारचौघांत त्या बाईले चोर म्हनाले लावलं!" त्यांना आवरावे लागले. दुकानाच्या झडतीत तसेच आणखी रिकामे डबे मिळाले. फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. साकोलीपर्यंत त्याची फसलेली गिऱ्हाइके निघाली.

मी बाईला म्हणालो, "चुकलो."

ती पिशवीत स्क्रू काढायचे पेचकस भरत होती. वर न पाहता म्हणाली, "मी पयल्याच दिवशी बोंबलली, डब्यावरचा भाग बोर्डाशी मेळ खात नाही म्हनून. तुमी लिवून घेतलं, पन पाह्यलं नाही. डबा तं आठ दिवसांपासून तुमच्याच टेबलावर होता, साहेब."

खरे होते. त्याच डब्याशेजारी मी आठ दिवस चहाचा ग्लास ठेवला होता.

माझ्यासारख्या कमी शिकलेल्या माणसाला कोणी हात दिला की तो आयुष्यभर वाकतो. त्यात वाईट काही नाही. पण ते वाकणे मी तपासात आणले, आणि त्याची किंमत एका निरपराध बाईने मोजली. तिची गेलेली गिऱ्हाइके लगेच परतली नाहीत. मी बाजारात दारोदार जाऊन सांगितले, ही बाई चोर नाही. काहींनी ऐकले. काही म्हणाले, "पोलिसानं नेलं होतं ना, मंग काहीतरी असनच."

त्यांना ते शिकवणारा मीच होतो.