डाव्या पंखावरचा अंगठा

नळांच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं एकच काम केलं. मुलामा चढून आलेली तोटी हातात घ्यायची, उजेडात फिरवायची आणि डाग दिसला की तिच्यावर लाल खडूची रेघ मारून बाजूला टाकायची. हातात सदैव पांढरे सुती मोजे. 'डागकाका' हे नाव त्यांना तिथेच पडलं आणि निवृत्तीनंतर मागोमाग घरापर्यंत आलं. बायको म्हणायची, "चौतीस वर्षांत माझ्यावर लाल रेघ मारली नाही, हेच माझं नशीब."

"खडू संपला होता," डागकाका म्हणायचे.

वरच्या मजल्यावर त्यांची वहिनी एकटी राहायची. दादा, म्हणजे डागकाकांचा थोरला भाऊ, विमानतळावर मेकॅनिक होता. एका विमानाचं इंजिन दुरुस्त केल्यावर चाचणीसाठी ते उडवायचं होतं आणि दादा त्यात बसून गेला. आभाळ स्वच्छ होतं. विमान परत आलं नाही. डोंगर धुंडाळले, समुद्र धुंडाळला, एक स्क्रूसुद्धा हाती लागला नाही. या गोष्टीला एकेचाळीस वर्षं झाली होती. वहिनींनी 'गेले' हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. विषय निघालाच तर त्या म्हणत, "अजून आले नाहीत." दादाची पहिली पाळी साडेतीनला सुटायची. रोज त्या वेळी वहिनी दाराची कडी काढून ठेवत आणि ती रात्री झोपेपर्यंत तशीच असे. कोणी वाद घातला नाही. सवयीचं झालं.

गेल्या वर्षी वहिनींच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं. डॉक्टर म्हणाले, दोन महिने दिसेल, फार तर तीन. त्या दिवशी त्या कठडा धरत खाली आल्या आणि खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "भावोजी, यांचं ते विमान खोक्यात तसंच पडलंय. पुरं कराल का? दिसतंय तोवर एकदा बघू दे. आणि चकचकीत हवं हं. खरं विमान उन्हात उभं असलं की त्याच्याकडे बघवत नसे."

खोकं डागकाकांच्याच माळ्यावर होतं. प्लॅस्टिकचं किट, वीतभर लांबीचं, दादाच्या त्याच विमानाची छोटी प्रतिकृती. जायच्या आदल्या संध्याकाळी दादाने त्याचे पंख चिकटवले होते आणि एकोणीस वर्षांच्या धाकट्या भावाला बजावलं होतं, "वाळतंय, हात लावू नकोस. आलो की रंग देऊ." आणि खरोखरच कोणी हात लावला नव्हता.

डागकाकांनी मागच्या खोलीत टेबल मांडलं. त्या खोलीची एकुलती एक खिडकी उत्तरेला होती, तिथून कधीच ऊन येत नसे. म्हणूनच त्यांनी ती निवडली. डाग शोधायला ऊन नको, सारखा उजेड लागतो. त्यांनी एअरब्रश आणला, छोटा कॉम्प्रेसर आणला आणि मोजे चढवून कामाला लागले. धातूसारखी चकाकी हवी असेल तर आधी काळा चकचकीत रंग द्यावा लागतो, तो आरशासारखा घासावा लागतो आणि मग त्यावर चंदेरी रंगाचे पातळ थर फवारावे लागतात. बाकीचे रंग चुका पोटात घालतात. चंदेरी रंग चुगली करतो. केसाएवढा ओरखडा असला तरी तो दहा जणांत सांगतो.

पहिला थर वाळला आणि डाव्या पंखावर, जिथे तो धडाला जोडतो तिथे, अंगठ्याचा ठसा उमटला.

"तू हात लावलास?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मला त्या खोलीत शिंकायचीसुद्धा परवानगी नाही. हात कशाला लावू?"

त्यांनी रंग काढला, पॉलिश पेपरने पंख घासला, पुन्हा काळा दिला, पुन्हा चंदेरी. ठसा पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा उमटला तेव्हा त्यांनी आपला अंगठा शाईच्या पॅडवर टेकवून कागदावर उठवला आणि दोन्ही ठसे भिंगाखाली पाहिले. ठसा त्यांचा नव्हता. पंखावरच्या ठशाच्या रेषांमधून एक तिरपी रेघ गेली होती, जखमेच्या व्रणाची.

ती रेघ त्यांना ओळखीची होती. सात वर्षांचे असताना त्यांनी दादाच्या हातातून पत्र्याचं विमान हिसकावलं होतं. पत्रा दादाचा अंगठा कापत गेला, तीन टाके पडले. आईने विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "मीच पडलो." त्याने पुढे कधी तो विषय काढला नाही, आणि याचंच डागकाकांना जन्मभर वाईट वाटत आलं होतं.

संध्याकाळी त्यांनी बायकोला समजावून सांगितलं. "हे गोंदाने चिकटत नाही. याला एक द्रावण लावतात, ते प्लॅस्टिक वितळवतं. दादाने जोडावर अंगठा दाबला असेल, बाहेर आलेल्या द्रावणात ठसा उठला असेल. एवढंच आहे."

"मग घासून जात का नाही?"

"आत मुरलाय. वरचं घासलं तरी रंगातलं थिनर आतलं पुन्हा फुगवतं."

बायकोने साखरेचा डबा आपल्याकडे ओढून घेतला. "तुमचं उत्तर नेहमी बरोबर असतं. मग चहात साखर दोनदा का घातलीत?"

डागकाकांनी कप खाली ठेवला.

वर वहिनींचं दिसणं दिवसेंदिवस कमी होत होतं. एकदा त्यांनी चहा कपाच्या बाजूला ओतला आणि ओतत राहिल्या. बायकोने खाली येऊन हे सांगितलं, तेव्हा डागकाकांना वाटलं, आता घोळ घालण्याइतका वेळ नाही. पण डागासकट माल पुढे पाठवायचा, हे त्यांच्या हातून आयुष्यात एकदाही झालं नव्हतं. तेही दादाच्या विमानाच्या बाबतीत, आणि वहिनींच्या शेवटच्या नजरेसाठी. त्यांनी अणकुचीदार सुरीने ठशाची जागा कोरून काढली. कोरताना नजर दुसरीकडे वळवावीशी वाटली. खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, चार दिवस वाळू दिली, बोट फिरवून काहीच लागेनासं होईपर्यंत घासली. मग काळा. मग चंदेरी.

ठसा लांबीवर उमटला. तिरप्या रेघेसकट.

प्लॅस्टिक वितळलं होतं हे खरं, पण लांबी तर त्यांनी स्वतः, गेल्याच आठवड्यात, मोजे घालून भरली होती. ही गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली नाही.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी पातळ चिकट फॉइल आणलं. दुपारची वेळ होती. एक चौकोनी तुकडा कापून त्यांनी तो ठशावर बरोबर झाकला आणि कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने घासून बसवू लागले. फॉइल जसं बसत गेलं, तसा ठसा वर येत गेला. रंगात अंधुक होता तो इथे लखलखीत झाला, एकेक रेषा मोजावी असा. घासणारा हात थांबला तरी बोळ्याखाली काहीतरी दाबत होतं. आतून, हळूच. कोणी दार ढकलून बघावं, तसं.

त्यांनी हात काढून घेतला.

विमानाच्या गोल पोटात सगळी खोली वाकडी दिसत होती. खिडकी, टेबल, मागचं दार. दारात वहिनी उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे एक उंच, काळपट आकार होता. डागकाका वळले. दारात वहिनी एकट्याच होत्या. गोल पृष्ठभागावर एकाचे दोन दिसतात, हे त्यांनी चौतीस वर्षं तोट्यांवर पाहिलं होतं. ते त्यांनी मनाशी दोनदा म्हटलं.

"झालं का हो?" वहिनींनी विचारलं.

"नाही वहिनी. एक डाग आहे, जात नाहीये. आठ दिवस द्या मला."

"आठ दिवसांनी मला दाखवून काय उपयोग? आज सकाळी आरशात मला माझा चेहरा दिसला नाही. नुसता उजेड दिसला. आणा इकडे."

"थांबा, मोजे देतो."

पण वहिनींनी चाचपत टेबल गाठलं होतं आणि विमान उघड्या हातांनी उचललं होतं. त्या ते खिडकीपाशी घेऊन गेल्या, डोळ्यांपासून चार बोटांवर धरून हळूहळू फिरवत राहिल्या. चंदेरी उजेड त्यांच्या सुरकुत्यांवरून सरकत होता.

"असंच दिसायचं," त्या म्हणाल्या. "अगदी असंच. डोळे दिपायचे."

मग त्यांचा अंगठा डाव्या पंखावरून सरकत त्या जागी आला आणि थांबला. डागकाका वाट पाहत उभे राहिले. लाल खडूची रेघ आपल्यावर मारली जाते तेव्हा तोटीला कसं वाटत असेल, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं.

"भावोजी, इथे गरम का लागतंय?"

"ऊन पडलं असेल," डागकाका म्हणाले, आणि दोघंही उत्तरेच्या खिडकीकडे तोंड करून उभे होते.

वहिनींनी अंगठा त्या तिरप्या रेघेवरून एकदा खाली नेला, एकदा वर आणला. "तीन टाके," त्या म्हणाल्या. "हिवाळ्यात दुखायचं यांना. का लागलं, ते मात्र कधी सांगितलं नाही."

"माझ्यामुळे लागलं होतं," डागकाका म्हणाले. त्रेपन्न वर्षांनी हे वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"असेल," वहिनी म्हणाल्या. "आता हे घासू नका."

विमान छातीशी धरून त्या जिना चढल्या. कठडा धरला नाही, चाचपडल्याही नाहीत. डागकाका जिन्याखाली उभे राहून ऐकत होते. वर दार लागलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते. एवढ्यात वहिनींच्या दाराची कडी आतून सरकली आणि बसली.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "वर कडी लागली? या वेळी?"

"हो."

"रोज तर काढून ठेवतात."

डागकाकांनी मोजे काढले, घडी केली आणि खिशात टाकले. "आज लावली," ते म्हणाले.

दोघंही छताकडे बघत उभे राहिले. विचारायला वर कोणीच गेलं नाही.