तीन उपग्रह कंपन्या आणि मामांचं गाव

मी सही केली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ऑफिसात ही गोष्ट अजूनही ‘मॅडम चिडल्या होत्या’ अशी सांगितली जाते. चिडले होतेच. पण नकार दिला तेव्हा डोकं अगदी थंड होतं.

नागपूरच्या मिहानमधल्या एका काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस आहे. परदेशातल्या पैसेवाल्यांना कुठल्या धंद्यात पैसा घालावा आणि कुठल्यात घालू नये, हे आम्ही इथे बसून सांगतो. जहाजं, खतं, दवाखाने, जे समोर येईल ते. कंपन्यांनी रंगवलेली स्वप्नं तपासायची, हे माझं काम. ते मला आवडतं आणि चांगलं जमतं, उगाच नम्रपणा कशाला. त्या वर्षी टीमच्या प्रमुखपदासाठी माझं नाव पुढे होतं, आणि नेमके तेव्हाच सॅटेलाइट फोनचे कागद माझ्या टेबलावर आले. तीन कंपन्या, तिघींचे आपापले उपग्रह, आणि तिघींचा दावा एकच: जिथे टॉवर नाही तिथे आमचा फोन चालेल. आमच्या ग्राहकाचा प्रश्न साधा होता. तिघी जगतील का?

या धंद्याची गोम अशी की उपग्रह एकदा वर गेला की खाली बोलणारा एक असो की लाख, खर्च जवळपास तोच. शिवाय काही वर्षांनी तो म्हातारा होतो आणि नवा पाठवावा लागतो. म्हणून बोलणारे भरपूर हवेत आणि लवकर हवेत. कागदावर ते होतेच. टॉवर नसलेल्या मुलखातली निम्मी गिऱ्हाइकं आमची, असं प्रत्येक कंपनीने ठणकावून लिहिलं होतं. तीन निम्मे! मी जागेवरच हसले आणि सरांना नेऊन दाखवलं. आमचे सर पुण्याहून आलेले, हुशार आणि बोलायला गोड. ते म्हणाले, “बाजार वाढला की तिघी मावतील. तुम्ही वाढ दाखवा.”

वाढ दाखवायची तर आज काय आहे ते बघायला हवं. म्हणून रविवारी मी मामांकडे गेले. देवलापारच्या पुढे, जंगलाला लागून त्यांचं गाव आहे. गावात रेंज नाही, पण फोन घरोघरी, आणि तेही चांगल्यापैकी महागाचे. सकाळी गावचा दूधवाला डेअरीकडे निघाला की लोक दुधासोबत फोनही त्याच्या हवाली करतात. सगळे फोन एका पिशवीत. हायवेच्या वळणावर रेंज येते, तिथे तो चहा पितो, आणि तोवर पिशवी टुणटुण वाजत असते. लिहून ठेवलेले निरोप जातात, आलेले उतरतात, आणि दुपारी ज्याचा फोन त्याच्या घरी पोहोचतो. कुणाचा निरोप कुणी वाचला म्हणून आजवर भांडण झालेलं नाही.

मामांना विचारलं, थेट आकाशातून बोलणारा फोन आला तर घ्याल का?

“कितीले?”

मी अंदाजे किंमत सांगितली, महिन्याचा खर्चही सांगितला. मामा घाबरले बिबरले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, “एक घेऊ. दूधवाल्यापाशी ठेवू. साप चावला, बाई अडली, वाघानं ढोर मारलं, तवा कामी येते.”

“आणि घरी?”

“घरी काहून? तू का घरी आगीचा बंब ठेवून राहिली?”

मी गावात आणखी दहा-बारा घरी विचारलं. उत्तर तेच. नागपूरला परतून मी अहवालात लिहिलं की अशा ठिकाणी गिऱ्हाईक म्हणजे माणूस नाही, घरही नाही, अख्खं गाव आहे. गावागणिक एक फोन धरला तर तिघी जगत नाहीत. जहाजवाले आणि खाणवाले धरून एखादी कशीबशी तग धरेल.

सरांनी वाचलं आणि आमच्या तक्त्यातल्या ‘न घेण्याचं कारण’ या रकान्यावर बोट ठेवलं. “‘वाटून वापरतात’ हे काय कारण झालं? ‘गरिबी’ लिहा. पुढच्या काही वर्षांत उत्पन्न वाढेल, मग जो तो आपापला फोन घेईल. आकडे बसतात, तिघी तरतात.”

“पण ते गरीब नाहीत, सर.”

“मॅडम, आपल्या माणसांबद्दल आपण जरा हळवे होतो. पण गरीब आहेत ते.” सर हसत म्हणाले.

माझी कानशिलं तापली. मामांकडे ट्रॅक्टर आहे, मुलगी नर्सिंग शिकते, धान विकायला ते कुणाच्या दारात उभे राहत नाहीत. तो फोन त्यांना घेता येतो. घ्यावासा वाटत नाही, कारण त्याची गरज एकट्याची नाही हे त्यांना कळतं. गरिबी उद्या जाईल हो, पण अक्कल कशी जाणार? आणि ती जाईल या भरवशावर तीन कंपन्या उपग्रह सोडणार असतील, तर त्याखाली माझी सही कशाला?

अहवालावर दोन सह्या लागायच्या, तपासणाऱ्याची आणि सरांची. सरांनी शब्द बदलून फाइल पाठवली. मी तो पुन्हा बदलून परत पाठवली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “एका शब्दाचा प्रश्न आहे. प्रमुखपदाची बैठक सोमवारी आहे, लक्षात आहे ना?”

“आहे,” मी म्हटलं. “सही करणार नाही.”

अहवाल दुसऱ्याच्या सहीने गेला आणि प्रमुखपदही त्यालाच मिळालं. तिन्ही कंपन्यांना पैसा मिळाला, तिघी आजही चालू आहेत. कशाच्या जोरावर, ते त्यांनाच ठाऊक. सर अधूनमधून मला म्हणतात, “बघा, जगल्या ना?” मी बघते. त्या बुडाव्यात म्हणून मी काही नवस बोललेले नाहीत. त्या शंभर वर्षं जगल्या तरी तो शब्द खोटाच होता, आणि दुःख म्हणाल तर ते पद गेल्याचं झालंच. खूप झालं.

पुढे गावी गेले तेव्हा मामांना सगळं सांगितलं. ते आधी खो खो हसले. “लिहून टाकाचं होतं वं गरीब! रेशनकार्डावर का नाही लिहिलं आपण?”

“ते तुम्ही लिहिलं, तुमच्या धान्यासाठी. हे मला लिहायला लावत होते, त्यांच्या धंद्यासाठी.”

मामांचं हसू थांबलं. मग म्हणाले, “मले जर तोंडावर गरीब म्हटलं असतं ना कोणी, तर दाखवलं असतं त्याले.”

“माझ्या तोंडावर म्हटलं, मामा,” मी म्हणाले. “आणि मी दाखवलं.”